तद्भव शहरं

इटलीतल्या सिसिली बेटाच्या बरोबर मध्यावर, समुद्रसपाटीपासून 931 मीटर उंच डोंगरावर एक शहर वसलेलं आहे. 1927 पर्यंत त्याचं नाव होतं कास्त्रोजोव्हान्नी. कास्त्रो म्हणजे गड आणि जोव्हान्नी म्हणजे इटालियन लोकांचा जॉन. तेव्हा जॉनगड म्हणा. पण हा जॉन कोण, सरदार की साधू, हे शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. असा कुणी जॉन नव्हताच.

रोमन काळात या गावाला हेन्ना म्हणत आणि तिथल्या किल्ल्याला कास्त्रुम हेन्नाए. 859 मध्ये अरबांनी गड घेतला. त्यांच्या तोंडी 'कास्त्रुम'चं 'कस्र' झालं, 'हेन्ना'चं 'यान्ना' झालं आणि गाव कस्र यान्ना म्हणून ओळखलं जाऊ लागलं. दोनेक शतकांनी नॉर्मन आले, अरबी मागे पडत गेली. पुढच्या पिढ्यांना 'यान्ना'चा अर्थ लागेना, पण कानाला तो 'जोव्हान्नी'च्या जवळचा वाटला. झाला जॉनगड.

1927 मध्ये फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनीच्या सरकारने हे नाव रद्द करून एन्ना केलं. प्राचीन नाव परत दिलं, असा त्याचा गाजावाजा झाला. माझा आक्षेप या 'परत'वर आहे. परत द्यायला ते गेलं कुठे होतं? कास्त्रोजोव्हान्नीच्या पोटात हेन्ना शिल्लकच होती, लोक दोन हजार वर्षं ती उच्चारत आले होते. फक्त मधल्या काळात तिथून कोण कोण येऊन गेलं त्याच्या खुणाही त्या नावावर उमटल्या होत्या. एन्ना या नावाने त्या पुसल्या, बाकी काही नवं दिलं नाही.

शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण तत्सम आणि तद्भव शिकलो. हस्त तत्सम, हात तद्भव. कर्ण आणि कान, अग्नी आणि आग. उद्या एखादा जीआर निघाला, की 'हात' हा अशुद्ध शब्द आहे, यापुढे सर्व नागरिकांनी 'हस्त' म्हणावं, तर आपण हसू. 'हात' म्हणजे झिजलेला 'हस्त'च आहे हे सहावीतल्या पोरालाही कळतं. शहरांच्या नावांचा प्रश्न आला की मात्र हे व्याकरण आपण विसरतो. तिथे तद्भव म्हणजे भ्रष्ट आणि तत्सम म्हणजे अस्सल, असं धरून चालतो. इटलीने हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी सरकारी खर्चाने करून पाहिला आहे, म्हणून तिकडचीच उदाहरणं घेतो.

एन्नाला सोबत बरीच होती. जिर्जेंतीचं आग्रिजेंतो झालं, तेही 1927 मध्येच. सिसिलीतल्याच तेर्रानोव्हाचं जेला झालं. उत्तरेत पार्माजवळचं बोर्गो सान दोन्निनो, म्हणजे संत दोन्निनोच्या नावाने ओळखलं जाणारं गाव, एका फटक्यात फिदेन्झा झालं. कालाब्रियातलं मोंतेलेओने व्हिबो व्हालेंतिया झालं. कोत्रोनेचं क्रोतोने झालं. हे शेवटचं उदाहरण मला फार गमतीचं वाटतं. फरक काय, तर 'र' पुढच्या अक्षरावरून मागच्या अक्षरावर आला. बोलताना असा उलटापालट जगभर होतो, आपल्याकडे 'चाकू'चा 'काचू' करणारी पोरं घरोघरी सापडतात. पण तो एक 'र' जागेवर बसवायला तिथे सरकारी हुकूम काढावा लागला.

कारण उघड होतं. राजवटीला रोमन साम्राज्याचा वारसा मिरवायचा होता. अरबांनी झिजवलेली, संतांच्या नावाची, मध्ययुगात पडलेली नावं त्या मिरवणुकीत शोभत नव्हती.

जिर्जेंतीचं प्रकरण जरा उलगडून पाहिलं तर 'मूळ' या शब्दाची गंमत कळते. हे शहर ग्रीकांनी वसवलं आणि त्याला आक्रागास म्हटलं. रोमनांनी त्याचं आग्रिजेंतुम केलं. अरबांच्या बोलण्यात ते किर्कंत झालं आणि तिथून सिसिलियन लोकांच्या जिभेवर जिर्जेंती. आता मूळ नाव कुठलं? काळ मोजायचा तर ग्रीक. वापर मोजायचा तर जिर्जेंती, कारण मरेपर्यंत माणसं तेच म्हणत होती. सरकारने निवडलं रोमन नाव, म्हणजे रांगेतलं दुसरं. मागे जाता जाता कुठे थांबायचं हे आधीच ठरलेलं होतं. मूळ नावाचा आग्रह धरणारा प्रत्येक जण असाच कुठेतरी मध्ये थांबतो आणि जिथे थांबला त्याला उगम म्हणतो.

लुईजी पिरांदेल्लो हा नाटककार 1867 मध्ये याच जिर्जेंतीत जन्मला. 1934 मध्ये त्याला नोबेल मिळालं तेव्हा त्याचं जन्मगाव नकाशावर उरलेलं नव्हतं. माणूस एक आणि त्याला नावं अनेक, या कोड्यावर आयुष्यभर लिहिणाऱ्या लेखकाच्या वाट्याला हे यावं, याला काय म्हणायचं! 2016 मध्ये आग्रिजेंतोच्या जुन्या भागाला, फक्त तेवढ्या भागाला, 'जिर्जेंती' हे नाव अधिकृतपणे परत मिळालं. नव्वद वर्षांनी हुकूम थोडा मागे सरकला.

इथे कुणी म्हणेल, की नावं तर रोमनांनीही बदलली, मग त्यांना काही बोलत नाही आणि मुसोलिनीवर राग का? प्रश्न रास्त आहे. बदललेलं नाव टिकतच नाही, असं माझं म्हणणं नाही. नेपल्सपासून देशाच्या आतल्या बाजूला असलेलं बेनेव्हेंतो घ्या. आधी ते मालेव्हेंतुम होतं. रोमनांच्या कानाला त्यात 'माले', म्हणजे वाईट, असं ऐकू आलं. वास्तविक त्या नावाचा वाईटाशी संबंध नसावा, ते रोमनांच्या आधीच्या स्थानिक भाषेतून आलेलं होतं. पण अपशकुन तो अपशकुन. इ.स.पू. 268 मध्ये तिथे आपली वसाहत करताना त्यांनी 'माले'चं 'बेने' केलं, वाईटाचं चांगलं. ते टिकलं, कारण नाव घेऊन माणसं तिथे राहायला गेली, शेती केली, पोरंबाळं वाढवली. आणि गंमत पुढेच आहे. अशुभ टाळायला नाव बदललेलं हे शहर पुढे सगळ्या इटलीत प्रसिद्ध झालं ते चेटकिणींसाठी. अक्रोडाच्या झाडाखाली त्या रात्री जमतात, अशी दंतकथा. 1860 पासून तिथे बनणाऱ्या पिवळ्या मद्याचं नावच स्त्रेगा, म्हणजे चेटकीण. इटलीतला सर्वांत मानाचा साहित्य पुरस्कारही या मद्याच्या नावाने दिला जातो.

याच्या उलट कोमोदुस. या बादशहाने खुद्द रोमचं नाव बदलून आपलं नाव दिलं, कोलोनिया कोमोदियाना. बाराही महिन्यांना आपली नावं-बिरुदं वाटून टाकली. इ.स. 192 च्या 31 डिसेंबरला त्याचा खून झाला आणि रोम पुन्हा रोम झालं. या नावावर जीभ फिरलीच नव्हती, त्यामुळे ते काढायलाही कष्ट पडले नाहीत.

आता माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारी जागा. इटलीच्या उत्तर टोकाला ऑस्ट्रियाला लागून दक्षिण टिरोल आहे. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या तहाने तो भाग इटलीला मिळाला. तिथले बहुसंख्य लोक जर्मन बोलणारे. एत्तोरे तोलोमेई नावाच्या राष्ट्रवादी गृहस्थाने त्या भागातल्या हजारो गावं, ओढे, शिखरं यांना इटालियन नावं देणारी यादी 1916 मध्येच तयार ठेवली होती, म्हणजे प्रदेश ताब्यात यायच्याही आधी. 1923 मध्ये ती सरकारी झाली. बोत्सेनचं बोल्झानो हे रूप आधीपासून इटालियन बोलण्यात होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण श्टेर्त्सिंग या गावाचं व्हिपितेनो झालं. का, तर तिथे कधीकाळी व्हिपितेनुम नावाचं रोमन ठाणं होतं. जिथे असा रोमन आधार सापडला नाही तिथे जर्मन नावाचं भाषांतर केलं, नाहीतर शेवटी एक 'ओ' चिकटवला.

पाठोपाठ शाळांतून जर्मन गेली. 1927 मध्ये तर नव्या थडग्यांवर जर्मन मजकूर कोरायलाही बंदी आली. गावाचं नाव बदललंत, ते समजू शकतो. आजीच्या थडग्यावर तिच्याच भाषेत दोन ओळी लिहायच्या नाहीत, हे काय आहे? म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 च्या करारात, जर्मन नावं इटालियनच्या बरोबरीने परत आली तेव्हा तो न्याय होता यात मला शंका नाही. नाव ज्यांच्या तोंडातून दंडुक्याने काढून घेतलं ती माणसं हयात आहेत, अजून ते नाव बोलत आहेत, तर ते पाटीवर परत यायलाच हवं. याला 'मूळ नावाची पुनर्स्थापना' म्हणायची गरज नाही. ही जिवंत माणसांची मागणी आहे. उलट, 'मूळ' हा शब्द तिथे वापरला होता तो तोलोमेईने.

पण आता त्या गोष्टीलाही शंभर वर्षं झाली. बोल्झानोत इटालियन बोलणाऱ्यांच्या तीन-चार पिढ्या जन्मल्या आणि त्यांच्यासाठी व्हिपितेनो हे घरचं नाव आहे, कुण्या राष्ट्रवाद्याची यादी त्यांनी पाहिलेलीही नाही. त्यांना उद्या 'तुमचं नाव खोटं' म्हणून सांगणं म्हणजे तोच खेळ उलटा खेळणं. आज त्या भागात पाटीवर दोन-दोन नावं असतात, काही खोऱ्यांत लादिन भाषेसकट तीन. पाटी लांबलचक होते, दिसायला ओबडधोबड. डोंगरवाटांवर फक्त जर्मन पाट्या लावल्या म्हणून अलीकडेही भांडणं झाली. तरी मला ती लांबलचक पाटीच प्रामाणिक वाटते.

त्या बोल्झानोतच 2001 मध्ये नगरपालिकेने 'विजय चौका'चं नाव 'शांती चौक' केलं. चौकात मुसोलिनीच्या काळात उभारलेली 1928 ची विजयकमान आहे, तिच्यावरचा मजकूर जर्मन बोलणाऱ्यांना हिणवणारा. हेतू चांगला होता, शांतीला विरोध कोण करणार? पुढच्याच वर्षी सार्वमत झालं आणि सुमारे 62 टक्के लोकांनी 'विजय' परत आणला. सगळेच मतदार फॅसिस्ट होते असं मानायला मी तयार नाही. वरून आलेल्या चांगल्या नावालाही लोक वरून आलेलं नाव म्हणूनच पाहतात. 2014 मध्ये त्याच कमानीच्या तळघरात, ती का बांधली आणि तिने काय केलं हे सांगणारं प्रदर्शन उभं राहिलं, ते मात्र लोकांनी स्वीकारलं. पाटी तशीच, खाली खुलासा.

नाव उकरून काढण्याचा आणखी एक प्रकार इथेच सांगून टाकतो. रोमच्या दक्षिणेला दलदल हटवून 1932 मध्ये लित्तोरिया नावाचं शहर वसवलं गेलं. नाव फॅसिस्टांच्या मानचिन्हावरून. युद्ध हरल्यावर ते लातिना झालं, आणि ते ठीकच झालं. 2021 च्या ऑगस्टमध्ये अर्थखात्याच्या एका उपमंत्र्याने सुचवलं, की तिथल्या बागेला मुसोलिनीचा भाऊ आर्नाल्दो याचं जुनं नाव परत द्यावं. ती बाग आता फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो या, 1992 मध्ये माफियाने बॉम्बने उडवलेल्या, दोन न्यायाधीशांच्या नावाची आहे. उपमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. 'शहराचा इतिहास' हा त्याच्याही तोंडचा मुद्दा होता. जुनं आहे म्हणून परत आणा, हे कारण किती स्वस्त आहे ते यातून कळावं.

सरकारने दिलेल्या नावांबद्दल एवढं पुरे. मराठीत एका अनुस्वाराने मोठा फरक पडतो. नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. इटलीतल्या शहरांची टोपणनावं बघितली तर पुष्कळशी दुसऱ्या प्रकारातली आहेत आणि मला ती पाटीवरच्या नावांपेक्षा जास्त भरवशाची वाटतात.

जेनोव्हाला 'ला सुपेर्बा' म्हणतात. कवी पेट्रार्कने 1358 मध्ये तिथल्या माणसांबद्दल आणि तटबंदीबद्दल हा शब्द वापरला. सुपेर्बा म्हणजे भव्य, आणि सुपेर्बा म्हणजे गर्विष्ठही. जेनोव्हाचे लोक पहिला अर्थ घेतात, शेजारी दुसरा. बोलोन्याला तीन बिरुदं आहेत, विदुषी, लठ्ठ आणि तांबडी. विदुषी तिथल्या विद्यापीठामुळे, जे आपला जन्म 1088 चा सांगतं. लठ्ठ म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. तांबडी आधी विटांच्या रंगामुळे होती, नंतर कम्युनिस्टांमुळे झाली. 1945 पासून तिथे सलग डाव्यांचेच महापौर होते. 1999 मध्ये ही परंपरा मोडून निवडून आला तो एक माजी खाटीक. तांबडी हरली, लठ्ठ जिंकली! हल्ली मात्र जुन्या गल्ल्यांतून किराणा, लोखंडी सामान, बटणं विकणारी दुकानं कमी झाली आणि पर्यटकांना मोर्तादेल्लाचे काप फळीवर मांडून देणारी वाढली, अशी तिथल्याच लोकांची कुरकुर आहे. लोकांनी थट्टेत ठेवलेलं नाव जाहिरातीच्या हाती गेलं की ते असं शहरालाच खाऊ लागतं.

पण माझं आवडतं नाव मिलानोचं आहे. ग्रीक भाषेत पोलिस म्हणजे नगर. नेआपोलिस म्हणजे नवं नगर, तेच आजचं नापोली, म्हणजे आपलं नेपल्स. अडीच हजार वर्षं जुनं झालं तरी नाव नवंच, हे नवी मुंबईकरांनी लक्षात ठेवावं. तर 1992 च्या फेब्रुवारीत मिलानोत एका वृद्धाश्रमाचा प्रमुख सत्तर लाख लिरांची लाच घेताना रंगेहाथ सापडला आणि त्या धाग्याला ओढत ओढत चौकशी इतकी लांबली की देशातले सत्ताधारी पक्षच कोसळले. लाचेला इटालियन शब्द तांजेंते. त्याला नापोलीचीच शेपटी लावून मिलानोचं नवं नाव पडलं, तांजेंतोपोली. लाचनगर. एका सरळ साध्या ग्रीक प्रत्ययाला त्या दिवसापासून नवा धंदा मिळाला. 2006 मध्ये फुटबॉलचे सामने 'ठरवल्या'चं प्रकरण निघालं तेव्हा त्याला काल्चोपोली म्हटलं गेलं. आता इटालियनमध्ये कशालाही 'पोली' जोडा, घोटाळा तयार. ही शब्दनिर्मिती कुठल्या समितीने केली असती?

अर्थात शहराला पडलेलं टोपणनाव नेहमी हसण्यावारी नेण्यासारखं असतं असं नाही. दक्षिणेतल्या मातेरात दगडात कोरलेल्या घरांतून माणसं आणि जनावरं एकत्र राहत. 1950 च्या सुमारास राजकारण्यांनी त्या शहराला 'राष्ट्राची लाज' म्हटलं. 1952 मध्ये कायदा करून सुमारे पंधरा हजार माणसांना तिथून हलवलं. घरं ओस पडली. 1993 मध्ये युनेस्कोने तीच घरं जागतिक वारसा ठरवली आणि 2019 मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. आज त्या गुहांत हॉटेलं आहेत. ज्या घरात जन्म झाला त्या घराला लाज म्हणून हाकललं आणि आता तिथेच एका रात्रीचं भाडं परवडत नाही, असं ज्यांचं झालं असेल त्यांना शहराचं कुठलं बिरुद आवडत असेल कोण जाणे.

परक्यांनी नाव मोडलं तर? आपल्याकडे हा मुद्दा फार लागतो. आमच्या गावी ऐंशीच्या दशकात ज्यांनी परसात पोल्ट्री काढली त्यांच्या तोंडी 'लेगहॉर्न' हा शब्द सारखा असे. पांढरी, भरपूर अंडी देणारी कोंबडी. आमचे एक काका कोंबड्याच्या पायावरचा टोकदार काटा दाखवून सांगत, "हे बघ, लेगला हॉर्न. म्हणून लेगहॉर्न." मी वीसेक वर्षं तेच खरं मानलं. प्रत्यक्षात ती इटलीतल्या लिव्होर्नो बंदराची कोंबडी. त्या शहराच्या लिगोर्नोसारख्या जुन्या रूपाचं इंग्रज खलाशांनी लेगहॉर्न केलं, त्या बंदरातून कोंबड्या अमेरिकेला गेल्या आणि नाव त्यांना चिकटलं. काकांनी केलं ते अगदी कास्त्रोजोव्हान्नीवाल्यांनी केलं तेच. न कळणाऱ्या आवाजात त्यांनी कळणारा शब्द शोधला. लिव्होर्नोच्या लोकांनी यावरून इंग्रजांशी भांडण काढल्याचं कधी ऐकलं नाही.

2006 मध्ये तोरिनोत हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा अमेरिकेत वाद झाला, की इंग्रजीत 'ट्युरिन' म्हणायचं की 'तोरिनो'. एका मोठ्या वाहिनीने तोरिनो घेतलं, एका मोठ्या वृत्तसंस्थेने ट्युरिन ठेवलं. तोरिनो म्हणणाऱ्यांची बाजू अशी, की तिथले लोक जे म्हणतात ते म्हणावं. छान. पण तिथली जुनी बोली पिएमोंतेझ, आणि त्या बोलीत शहराला म्हणतात तुरिन, इंग्रजीला चिकटून. मिलानोचंही तेच, लोंबार्द बोलीत ते मिलान आहे. म्हणजे परक्यांचं म्हणून जे रूप हटवायचं ते आजीच्या बोलण्यातलं निघालं आणि आपलं म्हणून जे घ्यायचं ते शाळेतलं. मुंबईचं प्रकरण याहून सोपं होतं. 1995 मध्ये इंग्रजी पाट्या बदलल्या तेव्हा मराठी माणसाला नवं काही शिकावं लागलं नाही, तो आधीपासून मुंबईच म्हणत होता. तिथे सरकार जिभेच्या मागून गेलं. जिथे ते जिभेच्या पुढे जातं तिथे मला एवढंच विचारावंसं वाटतं, की हे नाव आज बोलतं कोण?

कास्त्रोजोव्हान्नी नकाशावरून गेलं, पण माणसांच्या मागे राहिलं. गाव सोडून गेलेल्यांना लोक गावाच्या नावाने हाक मारतात, आपल्याकडे त्याला 'कर' लागतो, तिकडे नाव जसंच्या तसं आडनाव होतं. इटलीच्या रग्बी संघात मार्तिन कास्त्रोजोव्हान्नी नावाचा लांब केसांचा, दांडगा गडी होता. जन्म अर्जेंटिनातला. शंभराहून अधिक कसोटी सामने तो इटलीकडून खेळला. प्रत्येक सामन्याआधी संघ जाहीर होई तेव्हा भर मैदानात, भोंग्यावरून, 1927 मध्ये रद्द झालेलं ते नाव पूर्ण उच्चारलं जाई, आणि लोक टाळ्या वाजवत.